उजव्या किनाऱ्यावरचं शहर

१

माग जागेवर होता. कापड नव्हतं.

करुणा वैरागडे ते कापड न्यायलाच आंधळगावात आली होती. नागपूरच्या एका निर्यातदाराकडे ती तपासणीस होती. परदेशी जाणारा प्रत्येक नग ती आधी उलगडून बघे आणि तिने नापास केलेला नग विणकराच्या घरी परत जाई. त्यामुळे तिचं स्वागत कुठेच मनापासून होत नसे. भैय्यालाल सोनकुसरे यांच्या घरी आज ते अजिबातच झालं नाही.

मागाच्या लांबट खोलीत दोन खड्डामाग होते. आतल्या मागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, नवं लुगडं लागलं होतं आणि म्हातारे भैय्यालाल ते विणत बसले होते. दाराजवळच्या मोठ्या मागावर करुणाचं कापड असायला हवं होतं. शेवटची वीतभर साधी कड सकाळी तिच्यासमोर पुरी करायची, असं ठरलं होतं. तिथे आता ताण्याचे उभे धागे तेवढे लोंबत होते. कापड गुंडाळायचा लाकडी रूळ उघडा पडला होता, आणि पाय सोडायच्या खड्ड्यात धान कापायचा एक विळा पडला होता.

"काल मंडई होती," थोरला मुलगा चंदन म्हणाला. त्याच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता आणि बोलायची घाई नव्हती. "दिवाळीनंतरची मंडई म्हणजे जत्राच. घरी कोण राह्यते? सगळेच गेलो. संध्याकाळी आलो त दाराले कुलूप आणि आत हे असं."

"किल्ली कुठे असते?"

"चौकटीवर. साऱ्या मोहल्ल्याले मालूम आहे."

"मोहल्ल्याचं नाव कायले घेतं?" त्याची आई कुंताबाई मधे पडल्या. "विळा कोणाच्या घरचा ते सांग ना मॅडमले. आमच्या घरात धोटा सापडते, विळा नाई सापडत. विळा लाखांदूरहून आला. आंदणात."

दारात धाकट्या अनुपची बायको मोनिका उभी होती. बाप लाखांदूरकडचा धान पिकवणारा. अनुपशी तिचं भंडाऱ्याच्या कॉलेजात जुळलं आणि दोन वर्षांपूर्वी, दोन्ही घरांच्या कपाळावर आठ्या असताना, लग्न झालं. तिने मान खाली घातली नव्हती.

"मी कापलं नाही," ती म्हणाली.

"तुले कोणी इचारलं?" कुंताबाई करुणाकडे वळल्या. "हिच्या बापाले फोन केला मी. चिंधूभाऊ एसटीत बसले असतीन. दुपारून येतीन आणि पोरगी घेऊन जातीन. कायमची."

अनुप बायकोच्या शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही.

"दुपारपर्यंत थांबा," करुणा म्हणाली. "मी बघते."

"तुम्ही कापडाचं पाहा, मॅडम," कुंताबाई म्हणाल्या. "पोरीचं आमचं आम्ही पाहू."

२

ते कापड म्हणजे एका शहराचं चित्र होतं.

रशियाच्या उत्तर टोकाला, ध्रुववृत्ताच्याही वर, मुर्मान्स्क नावाचं बंदर आहे. तिथल्या एका हॉटेलाने नव्या दालनाच्या भिंतीसाठी कोशाचा पडदा मागितला होता. एकावर एक तीन चित्रं. सगळ्यांत खाली इतिहास: पहिल्या महायुद्धात घाईने टाकलेला लोहमार्ग, त्याच्या टोकाशी १९१६ साली वसवलेलं गाव, आणि पुढच्या युद्धात बॉम्बच्या माऱ्याखाली माल उतरवणारी जहाजं. मधे भूगोल, म्हणजे नकाशा: समुद्रातून दक्षिणेकडे जमिनीत लांब शिरलेली खाडी आणि तिच्या पूर्व किनाऱ्यावर, टेकड्यांच्या उतारावर, शहर. तिथे हिवाळ्यात महिनाभराहून जास्त काळ सूर्य उगवत नाही, तरी ती खाडी गोठत नाही. अटलांटिकातून येणारा कोमट प्रवाह तिथवर पोहोचतो. शहर तिथे वसलं ते एवढ्याचसाठी. आणि वरच्या चित्रात पोटापाण्याचा व्यवहार: मासेमारीच्या बोटी, कोळशाच्या क्रेन, बर्फ फोडत जाणारी अणुशक्तीची जहाजं.

जे चित्रात नव्हतं तेही करुणाने पहिल्या भेटीत सांगितलं होतं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या शहरातून इतके लोक निघून गेले, की साडेचार लाखांच्या वरची वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास उरली.

"म्हणजे आमच्यासारखंच," चंदन तेव्हा म्हणाला होता. "इथंही माग हायेत, माणसं सुरतले."

चित्र अनुपने चौकटीच्या कागदावर काढलं, मोनिकाने रंगवलं. तो कागद अजून मागाच्या समोरच्या भिंतीवर होता. विणलं मात्र एकट्या भैय्यालालनी. अर्धशतक कोशावर काढलेल्या या माणसाचा एकही नग आजवर परत आला नव्हता, आणि ते हे आल्यागेल्याला सांगत.

करुणा खड्ड्याच्या कडेला बसली. तिने विळा उचलला. धारेला करवतीसारखे बारीक दात होते. मग तिने ताण्याचे चार धागे बोटांवर घेतले. टोकं सरळ होती, पात्याने एका दमात कापल्यासारखी. दातांच्या विळ्याने ओढून कापली असती तर प्रत्येक टोक पिंजलं गेलं असतं.

विळा इथे वापरला गेला नव्हता. आणून ठेवला होता.

दुसरी गोष्ट तिला उशिरा दिसली, कारण ती चोरीच्या जागी असायला नको होती. धागे लोंबत होते, पण सुटे नव्हते. फणीच्या पुढे चिमूट चिमूट धागे एकत्र घेऊन प्रत्येक चिमटीला गाठ मारली होती. या काठापासून त्या काठापर्यंत.

"हे तुम्ही बांधलं?"

"नाही," चंदन म्हणाला. "कोणीच हात लावला नाही. मॅडम येईपर्यंत राहू द्या म्हणे आमचा बाप."

"नाही बांधलं तर काय होतं?"

"काय होते! धागे फणीतून सरकतात. मंग एकेक धागा पुन्हा ओवा. हप्ता जाते, डोळे जातात. म्हणून कापड कापलं का पहिले गाठी..."

तो थांबला. तोंडातला खर्राही थांबला.

चोराने कापड कापून नेलं होतं, आणि जाण्याआधी माग पुन्हा चालावा म्हणून शांतपणे बसून गाठी मारल्या होत्या.

आतल्या मागाचा एक ठोका चुकला. मग तो पुन्हा सुरू झाला.

३

"काका, जरा बाहेर ओसरीत बसून बोलू," करुणा म्हणाली.

"बोला ना," भैय्यालाल म्हणाले. "कानानं नाई विणत मी."

ते खड्ड्यात पाय सोडून, रुळापासून जरा मागे सरून बसले होते. पुढे वाकताना त्यांचे हात पुरत नव्हते, तरी धोटा इकडून तिकडे जात होता. कुंताबाईंनी चहा आणून त्यांच्या शेजारी ठेवला. तो त्यांनी तिथेच प्यायला.

"घरात चोरी झाली आणि तुम्ही विणताय."

"मंग काय छाती पिटू? लुगडं मंडईच्या आदल्या दिवशी लावलं. हातभर झालं. गिऱ्हाईक तुमच्यासारखंच राह्यते, बाई. त्याले घरचं सांगून नाई चालत."

"त्याच दिवशी माझा फोन आला होता तुम्हाला. हॉटेलवाल्यांनी नकाशाचा फोटो मागितलाय, आल्यावर कापड उलगडून जमिनीवर पसरू, असं मी सांगितलं होतं."

"सांगतलं असंल."

"काल मंडईत कुठे होता?"

"दंडारीचा खेळ पाहत होतो. गर्दीत कोण कोणाले पाह्यते?"

"तुमचा संशय कोणावर?"

भैय्यालालनी फणी दोनदा जोरात ठोकली. "घरात नवीन कोण हाय?"

एवढ्यात ताराचंद आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मोहाडीचा हा सुताचा व्यापारी. पूर्वी या घराचं सगळं कापड त्याच्या हातून विकलं जाई. निर्यातदाराने सरळ विणकराशी व्यवहार सुरू केला तेव्हापासून त्याच्याकडे नुसता सूत पुरवठा उरला होता.

"आलो," तो म्हणाला. "ऐकलं ते खरं का, ते पाहायले. वाईट झालं."

"तुझं थोबाड तसं सांगत नाही," चंदन म्हणाला.

"थोबाड बापाचं आहे, भाऊ. बदलून नाही भेटत."

करुणाने कापलेल्या ताण्यातला एक धागा तोडला आणि काडी लावली. केस जळल्याचा वास आला. चिमटीत घेतल्यावर राख भुरभुरली. सूत शुद्ध कोशाचं होतं; भेसळ लपवायला कापड पळवण्याचं कारण ताराचंदकडे नव्हतं.

"खोटा निघाला असता त खूश झाल्या असत्या," ताराचंद म्हणाला.

"झाले असते. तपास संपला असता. काल इकडे आला होतात?"

ताराचंदने चंदनकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "आलो होतो. दुपारून. मंडईतून घरी जाता जाता. म्हटलं म्हातारा एकटा भेटंल, दोन गोष्टी बोलू. दार वाजवलं."

"कुलूप होतं ना दाराला?"

"नव्हतं. आतून कडी होती. कोणी उघडलं नाही."

कुंताबाई लगबगीने पुढे आल्या.

"पाह्यलं?" दारातून कुंताबाई म्हणाल्या. "मोनिका मंडईतून मधेच गायब झाली होती. मी सांगतलं नाई, घरची इज्जत म्हणून."

करुणाने ताराचंदला गाठ मारलेली एक चिमूट दाखवली आणि शेजारचे मोकळे केलेले धागे त्याच्या हातात दिले. "अशी मारून दाखवा."

त्याने मारली. तिने हलकेच ओढल्यावर गाठ घसरून धागे हातात आले. दुसरीही तशीच. "मी सूत तोलतो," तो चिडून म्हणाला. "गाठी यांच्या जातीले."

"मला येते," चंदन स्वतःच म्हणाला. "विचारायच्या आधी सांगतो. आणि मला हे दोन्ही माग विकून बसस्टँडवर मोबाईलचं दुकान टाकायचं आहे, हेही गावाले मालूम आहे. पण मॅडम, मी कापलं असतं त गाठी कायले मारल्या असत्या? मी फणीसकट तोडलं असतं."

हे उत्तर खरं वाटावं इतकं कडवट होतं. करुणाने मनातल्या मनात चंदनचं नाव खोडलं. अनुप कधी मागावर बसलाच नव्हता. त्याला पेन्सिल येत होती.

उरलेल्या नावांत एक मोनिकाचं होतं. ती या घरात दोन वर्षं धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होती. गाठी बघून बघून शिकली असेल, तर?

४

मोनिका आतल्या खोलीत पिशवी भरत होती. अनुप खाटेच्या कडेला बसला होता.

"मंडईतून कुठे गेली होतीस?"

"स्टँडवर. मायले फोन लावायले. घरात बोलली का उद्या तेच चार घरी ऐकू येते."

"तिने सांगतलं होतं मला," अनुप पुटपुटला.

"मंग मघाशी तोंडात काय होतं?" मोनिकाने त्याच्याकडे न बघता विचारलं. "तुझाही खर्रा?"

करुणाने एक चिमूट धागे तिच्यापुढे धरले. मोनिकाने घेतले नाहीत.

"मले गाठ येत नाही, म्हणून दाखवू? मी खोटी खोटी चुकवली त तुम्हाला काय समजंल? मले कांडी भरता येते. मागाले हात लावू देत नाहीत. घरच्या बाईनं मागावर बसलं का म्हणे धागा तुटते. तुम्ही इश्वास ठेवा नाही त नका ठेवू."

"विळा कुठे असायचा?"

"इथंच, आड्याले खोचून. मायनं देला होता. मी तो कधी काढलाही नाही. इथं काय कापू?"

"मग तुझ्याच नावावर का टाकावं कोणी?"

मोनिका पिशवीची चेन ओढता ओढता थांबली. "मामाजी, म्हणजे सासरे, माझ्याशी बोलत नाहीत. आधी बोलत होते. थोडं, पण बोलत होते. पावसाळ्यात एक दिवस कांडी खड्ड्यात पडली. ती वेचायले मी खाली उतरली. वर पाह्यलं त कापडाची खालची बाजू दिसली. ते नकाशाचं चित्र चालू होतं. जेवताना मी सहज म्हटलं, मामाजी, खालून शहर डाव्या हाताले दिसून राह्यलं. कागदावर त उजव्या हाताले आहे."

"मग?"

"मंग काय. खालून पाह्यलं त सारं उलटंच दिसते, म्हणाले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, हसल्या. धानाच्या बांधीतून आलेली आमाले माग शिकवते, म्हणाल्या. मी चुप राह्यली. तवापासून मामाजी माझ्या हातची कांडी घेत नाहीत."

बाहेर करुणाच्या जीपच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. करुणा उठली. खालून सगळं उलटं दिसतं हे खरंच होतं. ती दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

सगळं उलटं दिसतं, हे खरं. पण कापडाची खालची बाजू कोणती असते?

५

मागाच्या खोलीत परत येऊन ती भिंतीवरच्या कागदासमोर उभी राहिली. वर उत्तर, खाली दक्षिण, मधून निळी खाडी, उजवीकडे शहर.

ती दोनदा इथे येऊन गेली होती. पहिल्या वेळी मागावर जहाज चाललं होतं, दुसऱ्या वेळी क्रेन. दोन्ही वेळा विणून झालेलं कापड रुळावर गुंडाळलेलं होतं. मागाची रीतच ती. विणकराच्या समोर हातभर कापड, बाकीचं रुळाच्या पोटात. आणि त्या हातभरावर काय दिसलं होतं? रंगीत धाग्यांची सुटी टोकं.

"चंदनभाऊ," ती म्हणाली, "बुट्टीची नक्षी विणताना सुटी टोकं वरच्या अंगाला असतात ना?"

"हो. उलटी बाजू वर, सुलटी खाली. वरून धागे भरता येतात, म्हणून. आजोबापासून तसंच आहे."

"म्हणजे विणकराला पूर्ण वेळ उलटी बाजू दिसते. सुलटी बाजू खड्ड्याकडे."

"हो. त?"

करुणाने कागद भिंतीवरून उतरवला आणि उजेडाकडे धरला. मग तो मागच्या बाजूने फिरवला. चित्र कागदातून आरपार दिसत होतं. खाडी तिथेच होती. शहर डावीकडे गेलं होतं.

अनुप मागे येऊन उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "मी बाबाले म्हटलं होतं, कागद पलटून लावू का. त्यांनी म्हटलं, पेन्सिल धर आणि चूप बस."

"वैनगंगेच्या ज्या काठाला भंडारा आहे," करुणा सावकाश म्हणाली, "त्याच्याऐवजी कोणी तो पलीकडे, कारध्याच्या बाजूला दाखवला, तर भंडाऱ्याचा माणूस तो पडदा भिंतीवर लावेल का?"

 बाहेर अंगणात चपला वाजल्या. पांढरा पंचा खांद्यावर टाकलेला एक उंच माणूस फाटकात उभा होता.

"चिंधू आला," कुंताबाई म्हणाल्या.

६

मोनिकाचा बाप आत आला नाही. ओसरीखालीच उभा राहिला. कापणीतून सरळ उठून आल्यासारखे त्याचे हात भेगाळलेले होते.

"चाल," तो मुलीला म्हणाला. "मी इथं पाणी नाही पीत."

"पाच मिनिटं द्या," करुणा म्हणाली. "मग तुमची मर्जी."

ती आतल्या मागाकडे वळली. भैय्यालाल अजून विणत होते.

"काका, उठा."

"लुगडं लागलं हाय."

"तुम्ही सकाळपासून उठला नाहीत. चहा इथेच घेतलात. घरात एवढं होऊनही दाराजवळच्या मागापाशी एकदाही आला नाहीत. हे लुगडं परवा लावलं. हातभर विणलं. बरोबर?"

"बरोबर."

"हातभर कापड गुंडाळलेला रूळ मनगटापेक्षा थोडा जाड असायला हवा. तुमच्यापुढचा रूळ मांडीएवढा आहे. तो पोटाला लागतो म्हणून तुम्ही मागे सरून बसलाय आणि हात पुरत नाहीत."

धोटा मधेच थांबला.

खोलीतला प्रत्येक माणूस त्या रुळाकडे बघत होता. सकाळपासून तो सगळ्यांच्या समोर होता. चंदन पुढे झाला. बापाने हात आडवा धरला नाही. चंदनने ताण सैल केला आणि रूळ उलटा फिरवायला लागला. हातभर लुगडं सुटलं. त्याच्याखाली तपकिरी कोशाचा पडदा होता. क्रेन आल्या, बोटी आल्या. मग खाडी आली.

चंदनने तो जमिनीवर सुलटा पसरला. रंग असे खुलले होते की ओसरीत उभा असलेला चिंधूसुद्धा एक पायरी वर आला. पाणी काळसर निळं, टेकड्यांवर बर्फाची पांढरी धार, आणि उतारावर, डाव्या किनाऱ्यावर, शहर.

"उलट्या बाजूने विणलं," करुणा म्हणाली, "आणि कागद सुलटा ठेवला. जहाज उलटं झालं तरी जहाजच असतं. क्रेनचंही तसंच. म्हणून खालचं आणि वरचं चित्र वाचलं. नकाशा नाही वाचला. मोनिकाने सांगितलं ते तुम्ही उडवून लावलंत, तरी मनात राहिलं. माझा फोन आल्यावर काल तुम्ही दंडार सोडून घरी आलात, आतून कडी लावली आणि रूळ उलगडून बघितला. मग बाहेरून कुलूप घालून पुन्हा मंडईत गेलात."

भैय्यालालनी हात मांडीवर ठेवले होते. ते बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"पन्नास वरीस झाले. हंस इणला, कोयरी इणली, देवळाचा काठ इणला. हंसानं डावीकडे पाह्यलं काय, उजवीकडे पाह्यलं काय, हंसच. कोणी इचारलं नाई. कागद उलटा लावायचा राह्यते हे मले कोणी सांगतलं नाई."

"मी सांगतलं होतं," अनुप म्हणाला. या वेळी तो पुटपुटला नाही.

"चोरी झाली त मुदत भेटते. चूक झाली त नाव जाते. मी नवीन इणून देला असता. ताणा तसाच राखला होता."

"गाठी मारून," करुणा म्हणाली. "चोराला दोन मिनिटांत पळायचं असतं. तुम्हाला उद्या पुन्हा बसायचं होतं. हात सवयीने चालले. माग वाचवला तुम्ही, काका. तिथेच सापडलात."

"कापड जाळून टाकता आलं असतं," ताराचंद म्हणाला. तो अजून गेला नव्हता.

भैय्यालालनी त्याच्याकडे फक्त बघितलं.

"विळा?" मोनिकाने विचारलं. ती दारातच उभी होती. "विळा कायले, मामाजी?"

 कुंताबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. त्यांना हे माहीत नव्हतं, एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"खालून तुनं एकटीनंच पाह्यलं होतं," भैय्यालाल म्हणाले. "तू घरात राह्यली असती त बोलली असती."

७

"इवाई, बसा," कुंताबाई ओसरीत येऊन व्याह्यांना म्हणाल्या. "चहा ठेवते."

"सकाळी फोनवर चहा नव्हता," चिंधू म्हणाला.

करुणाने तिन्ही चित्रं पुन्हा तपासली. वरचं आणि खालचं पास होतं. मधलं कापून वेगळं करावं लागणार होतं आणि, वरच्या राहिलेल्या कडेसकट, नवीन विणावं लागणार होतं. तिने नागपूरला फोन लावला आणि बराच वेळ बोलली. मुर्मान्स्कमध्ये जानेवारीत सूर्य परत दिसू लागला की लोक टेकडीवर जमून त्याचं स्वागत करतात. हॉटेलाचं दालन त्याच सुमारास उघडायचं होतं. वेळ कमी होता, पण होता.

"नकाशा पुन्हा विणायचा," ती म्हणाली. "काका विणतील?"

"इणीन."

"खालून कोण बघेल?"

सगळ्यांची नजर जिथे गेली तिथे मोनिका पिशवी उचलत होती. तिने आधी खड्ड्यापाशी जाऊन विळा घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळला.

"मी नाही पाहणार," ती म्हणाली. "खाली उतरून पाह्यलं त चोर ठरली. घरी धान उभा आहे. बाबाच्या संग कापणी करीन. मले बोलवायचं असंल त कांड्या वेचायले नका बोलवू. मागावर बसवत असाल त फोन करा. नाही त करूच नका."

"बाईनं मागावर..." कुंताबाईंनी सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडलं.

अनुप चप्पल घालून तिच्यामागे निघाला. फाटकापाशी तिने त्याला हातानेच थांबवलं. "तू थांब. बापासमोर आणखी दोनदा बोल. मंग ये."

बाप-लेक स्टँडच्या दिशेने गेले. भैय्यालाल खड्ड्यातून उठले नव्हते. करुणाची जीप गावाबाहेर पडेपर्यंत त्या घरातून मागाचा आवाज आला नाही.

कापणी संपत आली तेव्हा करुणाच्या फोनवर चंदनचा नंबर दिसला. बोलणारा चंदन नव्हता.

"बाई," भैय्यालाल म्हणाले. "तुमच्या त्या शहराचा कागद पाठवा. पलटून काढलेला."

"अनुप काढून देईल की."

"अनुपचा नको म्हणते मोनिका. चूक राह्यली त कोणाची, ते तिले पहिलेच ठरवून पाह्यजे. तुमच्या सहीचा पाठवा."  मागे एक ठोका पडला. नवख्या हाताचा, हलका. मग धागा तुटल्याचा बारीक आवाज, आणि त्यावर कोणीच काही बोललं नाही.

"पाठवते," करुणा म्हणाली. "तुम्ही कुठून बोलताय, काका?"

"खड्ड्यातून. खालून पाहून राह्यलो," भैय्यालाल म्हणाले आणि फोन ठेवला.